एक्सेलमध्ये माउसशिवाय : यादी तपासण्याची सोपी युक्ती



सभासदांची यादी, गणेशोत्सवाची नावनोंदणी, वर्षाचा जमाखर्च... मंडळाचे सगळे काम शेवटी एक्सेलच्या तक्त्यात येऊन बसते. एका वर्षी नावनोंदणीच्या यादीत मध्येच एक ओळ कोरी राहिली. बेरजेचे बटण दाबल्यावर फक्त त्या कोऱ्या ओळीखालच्या कुटुंबांची बेरीज झाली. आम्ही तोच आकडा धरून जेवण सांगितले, आणि उशिरा आलेल्या मंडळींच्या वाट्याला मसालेभात उरला नाही. चूक सर्वस्वी आमची होती.

तेव्हापासून कोणतीही बेरीज करण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट न चुकता करतो. रकान्याच्या पहिल्या नोंदीवर जाऊन कंट्रोल धरून खालचा बाण दाबतो. कर्सर सलग भरलेल्या शेवटच्या सेलवर जाऊन थांबतो. यादी २१४ ओळींची असून कर्सर ८७ व्या ओळीवर थांबला, तर ८८ वा सेल कोरा आहे हे नक्की. माउसने पान सरकवत गेलो तर हे डोळ्यांतून सहज निसटते. हाच बाण पुढे दाबत राहिल्यास कर्सर एकदम १०,४८,५७६ व्या ओळीवर जाईल. घाबरू नका, ती तक्त्याची शेवटची ओळ आहे. कंट्रोल आणि वरचा बाण दाबून परत या.

रोज लागणाऱ्या इतर कळा :

* कंट्रोल + होम : तक्त्याच्या सुरुवातीला.
* कंट्रोल + एंड : वापरलेल्या भागाच्या शेवटी.
* कंट्रोल + शिफ्ट + बाण : तिथपर्यंतचे सगळे सेल निवडले जातात.
* शिफ्ट + स्पेसबार : पूर्ण ओळ. कंट्रोल + स्पेसबार : पूर्ण रकाना.
* कंट्रोल + पेज डाउन : पुढची शीट.
* एफ २ : आधीचा मजकूर न पुसता दुरुस्ती.
* ऑल्ट + बरोबरचे चिन्ह : बेरीज.
* कंट्रोल + झेड : झालेली चूक मागे.
* कंट्रोल + अर्धविराम : आजची तारीख.

ही शेवटची कळ आपल्याला विशेष उपयोगी. भारतातल्या सवयीने ५ एप्रिलसाठी ५/४ लिहिले, तर अमेरिकन मांडणीत ते ४ मे होते. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीवर करसवलत घ्यायची तर देणगीदाराला संस्थेची लेखी पोच लागते. त्यामुळे तारखा चोख हव्यात.

मॅक वापरणाऱ्यांनी बाणांसोबत कंट्रोलऐवजी कमांड दाबली तरी चालते. मॅकवर मराठी कीबोर्डही घेतला असेल, तर कंट्रोल + स्पेसबारने रकाना निवडला न जाता भाषाच बदलू शकते. बाण दाबल्यावर कर्सर न हलता सगळे पान सरकू लागले, तर स्क्रोल लॉक चालू आहे का ते पाहा.

गंमत म्हणजे हे तंत्र मुळात माउसशिवायच जन्मले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ साली ॲपल टू संगणकावर आले, तेव्हा त्या कीबोर्डवर डावा आणि उजवा असे दोनच बाण होते. वर-खाली जायचे तर आधी स्पेसबार दाबून दिशा बदलावी लागे!

वरची यादी छापून संगणकाजवळ लावा, आणि मंडळाची फाईल पुढच्या खजिनदाराकडे सोपवताना तीही सोबत द्या. सगळ्या कळा पाठ होईपर्यंत निदान कंट्रोल आणि बाण एवढे लक्षात ठेवा. मसालेभात सगळ्यांना पुरेल.