गोंदण, लेझर आणि आपली कातडी

बचत गटाच्या बैठकीत बसलेल्या बायांचे हात एकदा निरखून पाहा. आजीच्या हातावर तुळस आणि विंचू, हनुवटीवर ठिपके. सुनेच्या मनगटावर जत्रेत मशीननं काढलेलं नाव. नातीचा हात कोरा. आणि आता सून विचारते, "हे पुसता येतं का गं?" नांदेडात लेझरच्या पाट्या लागल्यापासून हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आपला किनवट भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो नांदेडला जोडला गेला. म्हणून इथं गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा असे सगळे शेजारी नांदतात, आणि प्रत्येकाची गोंदणाची रीतही दिसते. आदिलाबादकडच्या गोंडांमध्ये तोटी समाजाच्या बाया गोंदण्यात तरबेज होत्या. दिव्याची काजळी कालवायची, दोन-चार सुया एकत्र बांधून टोचायचं आणि वर हळद लावायची. मागच्या बाया सांगत, सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर सोबत येतं. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला, त्यातही गोंड बायांच्या गोंदणाची नोंद आहे.

गोंदण हा मान होता, ओळख होती. पण ते पोरवयात होई. पोर रडली तर हात धरून ठेवत. तुला हवं का, असं तिला कुणी विचारत नसे.

काजळी कातडीत टिकते कशी? कातडीचा वरचा थर सारखा झडून नवा येत असतो. सुई त्याच्या खालच्या थरात जाते. तिथं शरीराच्या राखणदार पेशी काजळीचे कण गिळतात आणि तिथंच बसून राहतात. म्हणून गोंदण जन्मभर राहतं, फक्त रेघा पसरतात आणि रंग हिरवट-निळा दिसू लागतो.

ते काढायची धडपडही जुनीच आहे. कुणी चुना लावला, कुणी बिब्बा घातला, कुणी दगडानं घासलं. बिब्बा आपल्या जंगलातलाच, पण तो उतला की काय होतं हे आपल्याला सांगायला नको. गोंदण तसंच राहतं आणि वर भाजल्याचा व्रण पडतो.

लेझर पहिल्यांदा चालवला तो अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी, 1960 साली. त्याच दशकात लिऑन गोल्डमन या त्वचेच्या डॉक्टरांनी तो झोत कातडीवर आणि गोंदणावर वापरून पाहिला. 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघा डॉक्टरांनी त्यामागचं गणित मांडलं. योग्य रंगाचा प्रकाश अगदी क्षणभरच सोडला, तर रंगाचा कण तेवढा तापून फुटतो आणि बाजूची कातडी वाचते. फुटलेली पूड शरीर हळूहळू वाहून नेतं. म्हणून हे काम एका फेरीत होत नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं अनेक फेऱ्या लागतात.

पण एक अडचण आहे. आपल्या सावळ्या कातडीतही रंग असतोच, आणि झोत त्यालाही तापवू शकतो. ऊन लागून रापलेल्या कातडीला हा धोका जास्त. काजळीचं गोंदण जातं, पण त्या जागी फोड, काळा डाग नाहीतर पांढरा चट्टा उरू शकतो. कातडी नाजूक असेल तर आधीची तयारीच महत्त्वाची.

निदान महिनाभर ती जागा उन्हापासून जपा. कापूस वेचायला जाणं चुकत नाही, मग साडीवर घालतो तो पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला दस्ती. लिंबू, ब्लीच, घासण्याचा दगड बंद. खाज, पुरळ, इसब असेल तर आधी ते बरं होऊ द्या. जुना व्रण फुगून वर येत असेल, साखरेचा आजार असेल, औषधं चालू असतील, पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर न विचारता डॉक्टरांना सांगा. आणि आधी लहानशा जागेवर झोत मारून बघा, तिथली कातडी काही आठवडे कशी राहते ते पाहून मगच पुढं जा, असा आग्रह धरा.

गोरं करणाऱ्या मलमांचं वेगळं सांगतो. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं. ते चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते, ऊन सोसत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 प्रकारची स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती हातोहात फिरतात. असं मलम लावत असाल तर ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा. ते मनानं एकदम बंद करू नका, त्यानंही चेहरा भडकतो.

लेझर पार्लरमध्ये नको, त्वचेच्या डॉक्टरांकडेच करा. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तिथं आधी कातडी दाखवता येते. खाजगीत जाणार असाल तर फेऱ्या किती आणि पैसे किती हे कागदावर लिहून मागा. भरतीसाठी गोंदण पुसायचं म्हणत असाल तर आधी नियम वाचा. सैन्यभरतीत आदिवासींच्या परंपरेच्या गोंदणाचा वेगळा विचार केलेला आहे.

शेवटी निर्णयाचं बोलू. गोंदताना पोरीला कुणी विचारलं नाही. आता सोयरीक जमवताना पाहुणे म्हणतात, "हात साफ करून घ्या," आणि पुन्हा तिला न विचारताच पैसे भरले जातात. गोंदण ठेवणारी मागासलेली नाही आणि पुसणारी आपली माणसं विसरलेली नाही. कातडी तिची, दुखणं तिचं, तेव्हा हो किंवा नाही तिनंच म्हणावं, आणि गटानं तिच्या मागं उभं राहावं.

एक काम मात्र पुढच्या बैठकीत करा. गटाच्या वहीचं एक पान मोकळं ठेवा. आजीच्या हातावरच्या प्रत्येक खुणेला काय म्हणतात, ती कुणी आणि कधी गोंदली, हे तिच्याकडून विचारून त्यावर लिहा. शेजारी ती खूण पेननं काढून ठेवा.