विंडोज एक्सपीचा शेवट नेमका कोणी ठरवला?

१/ ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट थांबवला. संगणक बंद पडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ते पूर्वीसारखेच सुरू झाले. मात्र यापुढे सापडणारी सुरक्षेची भगदाडे बुजवण्याची जबाबदारी कंपनीने सोडली होती. त्या वेळी जगातील सुमारे एक चतुर्थांश डेस्कटॉप संगणक एक्सपीवरच चालत होते.

२/ एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. तिची वारसदार व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती पडायला २००७चा जानेवारी उजाडला आणि अनेक जुन्या संगणकांना ती पेलवेना. स्वस्त, छोट्या नेटबुकवर तर ऑक्टोबर २०१० पर्यंत एक्सपीच विकली जात होती. मग प्रणालीचे वय मोजायचे कोठून? कंपनीच्या हिशेबाने ते जवळपास साडेबारा वर्षे भरते. २०१०च्या अखेरीस नवे नेटबुक घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र जेमतेम साडेतीन वर्षे आली.

३/ जाहीर केलेली मुदत महिनाभरही टिकली नाही. इंटरनेट एक्सप्लोररमधील एक गंभीर दोष उघडकीस आला आणि १ मे २०१४ रोजी आलेली दुरुस्ती एक्सपीलाही देण्यात आली.

४/ ब्रिटिश सरकारने एका वर्षाच्या खास सपोर्टसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले. दुकानांतील बिलिंग यंत्रांसाठी एक्सपीवरच बेतलेली ‘पीओएसरेडी २००९’ ही आवृत्ती तर एप्रिल २०१९ पर्यंत दुरुस्त होत राहिली. म्हणजे दुरुस्त्या तयार होत होत्या. प्रश्न त्या कोणाला द्यायच्या एवढाच होता. घरगुती वापरकर्ता या रांगेत कोठेच नव्हता.

५/ त्याच्यासाठी खरा निर्णय घेतला तो ब्राउझर बनवणाऱ्यांनी. गूगलने क्रोमसाठी आधी एप्रिल २०१५, मग २०१५ची अखेर आणि शेवटी एप्रिल २०१६ अशी मुदत पुढे सरकवत नेली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये एक्सपीच्या वापरकर्त्यांना ५२ क्रमांकाच्या दीर्घकालीन आवृत्तीवर नेले आणि २०१८ पर्यंत तिची डागडुजी केली.

६/ या रेंगाळण्याला सबळ कारण होते. एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर ८ व्या आवृत्तीपाशी थांबला होता, टीएलएस १.२ सक्तीचे करणारी संकेतस्थळे त्यात उघडत नसत. फायरफॉक्स कूटलेखनाची यंत्रणा स्वतःसोबत आणत असल्याने त्यात ती उघडत. पण उलट बाजूही तितकीच खरी. हल्लेखोराला स्मृतीतील पत्ते ओळखता येऊ नयेत म्हणून व्हिस्टापासून ते विस्कटले जात; एक्सपीत ती सोयच नव्हती. घराचा पायाच खचलेला असताना दाराला नवे कुलूप लावण्यासारखे हे काम होते. शिवाय जुन्या प्रणालीसाठी वेगळा कोड सांभाळायचा आणि त्याच्या चाचण्या घ्यायच्या, याचा भार नव्या प्रणालीवरील वापरकर्त्यांच्या कामावरही पडे.

७/ १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही दुरुस्ती खुली केली. दोष मात्र एक्सपीच्या माथी सरसकट मारणे चूक ठरेल. कॅस्परस्कीच्या पाहणीनुसार बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर होते. त्या प्रणालीचा सपोर्ट चालू होता, दुरुस्तीही मार्चमध्येच आली होती. ती बसवलेली नव्हती. मुदत वाढवून मिळाली म्हणजे संरक्षण मिळालेच, असे नव्हे.

८/ भारतात हा प्रश्न एटीएमच्या पडद्यामागे दडला होता. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सपोर्ट संपलेल्या प्रणालींवरील एटीएम बदलण्याचे टप्पेच ठरवून दिले : सप्टेंबरपर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जूनपर्यंत सर्व. एक्सपीचा सपोर्ट संपून तेव्हा चार वर्षे उलटली होती.

९/ ती शेवटची मुदत महिन्यावर आली असताना, १४ मे २०१९ रोजी, रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ या दोषासाठी मायक्रोसॉफ्टने एक्सपीला आणखी एक दुरुस्ती दिली.