नवगृहिणीचे पाकशिक्षण आणि वाटीचे माप

विवाहानंतर पतीला चार घास नीट करून घालता यावेत एवढ्यासाठी स्वयंपाक शिकणे, हा विषय इतिहासाभ्यासकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु हे शिक्षण कोणी द्यावयाचे, या प्रश्नाशी मराठी कुटुंबाचे एक मोठे स्थित्यंतर निगडित आहे.

एकत्र कुटुंबात ही विद्या पाहून व करून येत असे. आमटीत मीठ किती, तर ‘अंदाजाने’. आणि हा अंदाज सासू किंवा थोरली जाऊ शेजारी असल्याखेरीज साधत नसे. नोकरीपायी मुंबई-पुण्यास वेगळे बिऱ्हाड थाटणाऱ्या दांपत्याच्या घरी मात्र चुलीपाशी सून एकटीच उरली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ १९१० चा. ‘गृहिणीमित्र’ या नावातच सासूची जागा मैत्रिणीने घेतल्याचे सूचित होते.

छापील पुस्तकाची खरी अडचण मापाची. वजनी शेर प्रांतोप्रांती निराळा. धान्य मोजावयाचे ते शेर, मापटे, चिपटे, कोळवे, निळवे अशा निम्म्या-निम्म्याने उतरणाऱ्या मापांनी. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली खरी; पण तराजू वाण्याच्या दुकानात, स्वयंपाकघरात नव्हे.

कमलाबाई ओगले (जन्म १९१३) यांचे शालेय शिक्षण बेताचेच. स्वयंपाकाचे धडे त्यांनी सासूबाईंच्या हाताखाली गिरविले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रुचिरा’त वाटी व चमचा हीच मापे आहेत. शास्त्रदृष्ट्या वाटी हे माप नव्हेच, कारण घरोघर तिचा आकार वेगळा. तथापि एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी म्हटले, की वाटी कोणतीही असो, प्रमाण टिकते. दोन माणसांच्या संसारास हेच हवे होते. वाटी मोठी आणि चमचा लहान असेल तर मात्र हा हिशेब फसतो व पदार्थ अळणी होतो. हा दोष मान्य केला पाहिजे.

पुढे हा ग्रंथ नववधूंना आहेरात दिला जाऊ लागला, आणि कमलाबाईंस लोकांनी ‘एक लाख सुनांची सासू’ म्हटले.