तालमीतील थोरले आणि धाकटे

‘तालीम’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्याचा मूळ अर्थ ‘शिक्षण’ असा आहे याचे स्मरणही आपणांस राहत नाही. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. ‘वस्ताद’ हे फारसीतील ‘उस्ताद’ या शब्दाचे मराठी रूप असून त्याचा अर्थ शिक्षक. उत्तरेकडील आखाड्यांत वस्तादाच्या पाठोपाठचा मान असलेल्या थोरल्या शिष्यास ‘खलिफा’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ मागून येणारा, वारस. शब्दांची साक्ष काढावयाची तर तालीम ही प्रथम शाळा होय आणि दंड-मांड्या कमावण्याची जागा त्यानंतर. सारी हयात खडू-फळ्याच्या सहवासात घालविलेल्या माझ्यासारख्यास ही शाळा आमच्या शाळेहून एका बाबतीत नेहमीच वरचढ वाटत आली आहे. आमच्याकडे पहिलीचा मुलगा व सातवीचा मुलगा वेगळ्या खोल्यांत बसतात आणि एकमेकांस ओळखतही नाहीत. तालमीत मात्र काल आलेले पोर आणि दहा वर्षे मेहनत केलेला मल्ल एकाच हौद्यात, एकाच मातीत उतरतात. त्या दोघांनी परस्परांशी कसे वागावे, हा तेथील पहिला धडा असतो. डावपेच नंतर येतात.

हा धडा शब्दांनी शिकविला जात नाही. नवा मुलगा नारळ घेऊन येतो, मारुतीरायापुढे ठेवतो, वस्तादांच्या पाया पडतो. त्यानंतर कित्येक दिवस त्याच्या हाती कुस्ती येतच नाही. हौदा खणणे, माती भुसभुशीत करणे, तीत तेल, ताक, हळद मिसळणे, झाडलोट करणे, पाणी भरणे ही त्याची कामे. थोरल्यांचे अंग रगडावे, थंडाईसाठी बदाम वाटावेत, आणि डोळे उघडे ठेवून पाहावे. बाहेरच्यास ही वेठ वाटेल. परंतु खणल्याने खांदे भरतात, वाटल्याने मनगट बनते आणि पाहता पाहता डाव कळू लागतो; म्हणजे सेवा आणि शिक्षण ही दोन तेथे वेगळी राहत नाहीत.

मात्र हा व्यवहार एकतर्फी नाही, हे आवर्जून सांगावयास हवे. ज्या थोरल्याचे अंग धाकटा रगडतो, त्याच थोरल्याने त्याला हौद्यात ‘खेळवावयाचे’ असते. खेळविणे म्हणजे पाडणे नव्हे. अंगात दहापट बळ असता ते आवरून धरणे, पोराला पकड घेऊ देणे, त्याचा डाव बरोबर लागला तर आपण होऊन पाठीवर जाणे, चुकला तर तेवढ्यापुरते दाखवून देणे, हे सोपे नाही. आपले बळ दाखविण्यापेक्षा ते राखून वापरण्यास अधिक बळ लागते. लढतीपूर्वी दोघेही माती उचलून कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात आणि हात मिळवितात. थोरल्यालाही यातून सूट नाही. नमस्कार धाकट्याचा असला तरी जबाबदारी थोरल्याची, आणि या दोन पारड्यांत दुसरे अधिक जड, हाच तालमीच्या शिस्तीचा गाभा होय असे मला वाटते.

आपल्या निमोण्याच्या परिसरात, घोड आणि भीमा यांच्या मधल्या या कोरडवाहू मुलखात, तसेच भीमेपलीकडे दौंडच्या बाजूस, चैत्र-वैशाखातील यात्रांचे आखाडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांतील क्रम आठवून पाहावा. प्रथम लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची मोठी कुस्ती. मोठ्यांनी धाकट्यांसाठी थांबावयाचे, हा तेथील रिवाज. जोड लावण्याचे काम उतारवयाच्या मल्लांकडे असते. दोघांचे हात हाती घेऊन, खांदे चाचपून ‘ही जोड होते’ किंवा ‘होत नाही’ असा निवाडा ते देतात. कमजोर पोराला दांडग्याच्या तोंडी न देणे ही त्यांची प्रतिष्ठा. आणि कुस्ती मारलेला पोरगा रिंगणाभोवती फिरतो तेव्हा ज्या वृद्धाच्या पायांवर तो हात ठेवतो, त्या वृद्धाने कधी काळी त्याची किंवा त्याच्या वडिलांची जोड लावलेली असते. पुकारतानाही नुसते नाव पुकारीत नाहीत. अमक्या वस्तादांचा पठ्ठा असे पुकारतात. जिंकले तर वस्ताद जिंकला, हरले तर वस्ताद हरला. शिष्याच्या पराभवाचा वाटा ज्यास उचलावा लागतो, त्यालाच गुरुपणाचा मान शोभतो.

आता इतिहासाकडे वळू. हा मान कशावर ठरत असे? वयावर, धनावर, की जन्मावर? याचे उत्तर लहुजी वस्ताद साळवे यांच्या चरित्रात मिळते. लहुजींचा जन्म १७९४ सालचा, पुरंदरच्या पायथ्याशी, मांग समाजातला. त्यांचे वडील राघोजी १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईत कामास आले असे सांगतात. पुढे लहुजींनी पुण्यास तालीम चालविली. तेथे दांडपट्टा, कुस्ती, निशाणबाजी शिकावयास जे तरुण येत, त्यांत जोतीराव फुले होते. वासुदेव बळवंत फडके यांचेही नाव त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. ज्या काळी अस्पृश्याची सावली टाळली जाई, त्या काळी माळ्याचा आणि ब्राह्मणाचा मुलगा मांग वस्तादाच्या हाताखाली शिकला. मातीत उतरल्यावर अंगाला अंग लागतेच. तेथे सोवळे चालत नाही.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि नंतर अस्पृश्यांसाठी शाळा उघडल्या, तेव्हा पुण्यात त्यांस विरोध झाला. त्या वेळी लहुजी, शिष्याहून तीस-बत्तीस वर्षांनी वडील असूनही, शिष्याच्या पाठीशी उभे राहिले आणि घरोघर सांगून मुले शाळेत पाठवू लागले. त्यांच्याच घराण्यातील मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. ज्याला आपण पट्टा फिरविण्यास शिकविले तो आता आपल्याहून मोठे काम करीत आहे, हे ओळखून त्याच्यामागे उभे राहणे ही वडीलकीची शेवटची पायरी होय. पुष्कळ वडील तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. लहुजी पोहोचले. १८८१ साली ते निवर्तले. त्यांची समाधी पुण्यास संगमवाडीत आहे.

धाकट्याच्या बाजूचे उदाहरण बडोद्याचे. तेथे राजरत्न प्रो. माणिकराव यांचा आखाडा प्रसिद्ध होता. स्वतःचा एवढा लौकिक असताना त्यांच्या आखाड्याने नाव धारण केले ते ‘श्री जुम्मादादा व्यायाममंदिर’. जुम्मादादा हे त्यांचे मुसलमान वस्ताद. शिष्याने उभविलेल्या मंदिरास गुरूचे नाव मिळाले, आणि त्यात धर्म आडवा आला नाही.

तिसरे उदाहरण खाशाबा जाधव यांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. वडील दादासाहेब हेच त्याचे पहिले वस्ताद. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यास सहावे स्थान मिळाले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकर हे काही वस्ताद नव्हते. पण धाकट्यासाठी आपले घर पणास लावणाऱ्यास तालमीची रीत उमगली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ही साखळी अगदी आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. लातूरकडील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडविले. त्यांचे शिष्य काका पवार, आणि त्या दोघांच्याही हाताखाली घडलेले बीडकडील राहुल आवारे. बिराजदार २०११ साली गेले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे राहुल आवारे यांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ते या दिवंगत वस्तादांस अर्पण केले.

तथापि चांगलेच तेवढे सांगणे हे इतिहास सांगणे नव्हे. सर्व तालमी लहुजींच्या तालमीसारख्या नव्हत्या. पुष्कळ तालमी पेठेपेठेच्या, आळीआळीच्या, एकेका जातीच्या होत्या आणि दुसऱ्यास दार बंद असे. काही ठिकाणी थोरल्यांची वडीलकी जाऊन दांडगाई उरली. धाकट्याकडून अंग रगडून घ्यावयाचे पण त्यास खेळवावयाचे नाही, अशी रीत पडली. जेथे असे झाले तेथे पोरे येईनाशी झाली, हौदे ओस पडले, आणि आपण मात्र ‘हल्लीच्या मुलांस मेहनत नको’ असे म्हणत बसलो. आज जिममध्ये पैसे भरून यंत्रावर व्यायाम करणाऱ्या मुलास मी दोष देणार नाही. शरीर तेथेही बनते. परंतु तेथे कोणी कोणाचा थोरला नाही, आणि म्हणून कोणी कोणाचा जबाबदारही नाही.

धाकटे आपले डाव पाहतात त्याहून अधिक आपले वागणे पाहतात. २०२५ साली अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून वाद होऊन पंचास लाथ मारण्याचा प्रकार घडला आणि दोन नामांकित मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक, हा वाद जाणकारांनी करावा. मला चिंता वाटते ती रिंगणाभोवती बसलेल्या रेवड्यांच्या वयाच्या पोरांची. त्या दिवशी ती काय शिकून घरी गेली असतील? उलट, २०२३ च्या मार्चमध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. यंदाच्या पोरींना पुढे जाण्यास पायवाट मिळाली. आता मुली मातीत उतरू लागल्या आहेत. त्यांना खेळविणाऱ्या थोरल्या लवकरच तयार होतील. तोवर ती जबाबदारी पुरुष वस्तादांनी बापाच्या नजरेने पार पाडली पाहिजे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपली संस्थाही एक तालीमच आहे. वार्षिक मेळाव्यात व्यासपीठावर कोणी बसावे, हार प्रथम कोणास घालावा, यावरून आपण रुसवेफुगवे करतो आणि तरुण मंडळी येत नाहीत म्हणून हळहळतो. तालमीच्या न्यायाने पाहिले तर प्रश्न सोपा आहे. आपण त्यांस कधी खेळविले काय? शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास, नोकरीच्या गावी पहिली खोली शोधावयास, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी घरच्यांची समजूत घालावयास आपल्यातील किती थोरले हौद्यात उतरले? ज्यांनी हे केले त्यांच्या पाया पडण्यास पोरांना सांगावे लागत नाही. आणि तरुणांनीही ध्यानात धरावे की, माती खणल्यावाचून डाव येत नाही. सभेच्या सतरंज्या अंथरण्यात कमीपणा नाही. मान हा मातीतून उगवतो, जन्मातून नव्हे, हे लहुजींच्या तालमीने दाखवून दिले. ते आपल्या ज्ञातीच्या आत जेवढे खरे, तेवढेच ज्ञातीच्या बाहेरही खरे आहे. गावातील ओस पडलेल्या हौद्यात पुन्हा माती पडो, आणि तेथे सर्व घरची मुले एकत्र उतरोत, एवढीच मारुतीरायाच्या चरणी प्रार्थना.