सर्पगंधा, सेरोटोनिन आणि श्वसनाचे नियमन

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर या मुळीचा काय परिणाम होतो, याची पद्धतशीर नोंद त्यात होती. कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच या मुळीचे शामक गुण वर्णिले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले ते प्रामुख्याने वकिलांच्या निबंधामुळे. श्वसनाच्या नियमनाशी या निबंधाचा वरवर पाहता काहीच संबंध नाही. तथापि मेंदूतील सेरोटोनिनच्या अभ्यासास एक प्रभावी साधन मिळाले ते याच मुळीतून. त्या साधनाबरोबर जी विचारपद्धती रूढ झाली, तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा श्वसनाच्या प्रश्नात विशेष स्पष्ट होतात. त्या दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९५२ मध्ये सीबा या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाईन यांनी सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे केले. दरम्यान, १९४८ मध्ये रक्तातून वेगळे केलेले सेरोटोनिन हे द्रव्य मेंदूतही असते, असे ट्वारॉग व पेज यांनी १९५३ मध्ये दाखविले. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे प्लेचर, शोअर व ब्रोडी यांना असे आढळले की, रेसर्पिन दिल्यावर शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते होतात. यातून एक सोपी युक्ती हाती आली : द्रव्य काढून घ्यावे, कोणते कार्य मंदावते ते पाहावे, आणि ते कार्य त्या द्रव्याकडे सोपवावे. पण रेसर्पिन नॉरअ‍ॅड्रिनलिन व डोपामिन यांचेही साठे रिकामे करते, हे लवकरच सिद्ध झाले. साधन प्रभावी होते, परंतु नेमके नव्हते.

आता श्वसनाकडे वळू. फुप्फुसांतील वायुकोशांमधील कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब वातावरणाच्या केवळ ०.२ टक्क्याने वाढला तरी वायुकोशांत खेळणारी हवा दुप्पट होते, हे हॉल्डेन व प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखविले. हा वायू रक्तात व मेंदूतील द्रवात मिसळून अम्लता वाढवितो. ती अम्लता ओळखणारी क्षेत्रे लंबमज्जेच्या पुढील पृष्ठभागाजवळ असल्याचे मिचेल, लोश्के व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून सुचविले. पुढच्याच वर्षी डालस्ट्रॉम व फुक्से यांनी मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवरील सेरोटोनिनयुक्त मज्जापेशींचा नकाशा दिला. अम्लता ओळखणाऱ्या पेशी त्याच असाव्यात काय, हा प्रश्न पुढे वादाचा झाला. रिचर्सन व त्यांचे सहकारी त्यांना प्रत्यक्ष संवेदक मानीत. गीयने व मल्की यांचा पक्ष लंबमज्जेतील रेट्रोट्रॅपिझॉइड केंद्राचा होता.

जवळजवळ सर्व सेरोटोनिन-पेशी ज्यांच्या मेंदूत निर्माणच होत नाहीत, असे उंदीर तयार करून हॉजेस, रिचर्सन आदींनी २००८ मध्ये तीच जुनी युक्ती अधिक नेमकेपणाने वापरली. त्या उंदरांचे नेहमीचे श्वसन प्राकृत होते. कार्बन डाय-ऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद मात्र निम्म्याने घटला. एवढ्यावरून या पेशी संवेदक ठरतात काय? त्याच प्रयोगात मेंदूच्या पोकळीत बाहेरून सेरोटोनिन सोडताच प्रतिसाद पूर्ववत झाला. बाहेरून सोडलेले सेरोटोनिन रक्तातील वायूच्या प्रमाणानुसार कमीजास्त होत नव्हते. अर्थात उरलेल्या प्रतिसादाचा संवेदक अन्यत्र असला पाहिजे, आणि सेरोटोनिन त्याला बळ देत असले पाहिजे. मल्की आदींच्या २००७ मधील निरीक्षणांचा रोख हाच आहे. रेट्रोट्रॅपिझॉइड पेशी सेरोटोनिनने उद्दीपित होतात खऱ्या. परंतु सेरोटोनिनचा व अम्लतेचा परिणाम जवळजवळ बेरजेप्रमाणे एकत्र येतो, आणि अम्लता ओळखण्याची मूळ यंत्रणा अबाधित राहते. ही यंत्रणा मुख्यतः जीपीआर-४ व टास्क-२ या प्रथिनांवर अवलंबून असल्याचे २०१५ मध्ये उंदरांत दिसून आले.

सेरोटोनिन-पेशी स्वतः अम्लता मुळीच ओळखत नाहीत, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. अभावाचा प्रयोग एखादे द्रव्य आवश्यक आहे एवढेच सांगतो. ते संदेश आणते की संदेश वाहणाऱ्याला जागे ठेवते, हे सांगत नाही. दिवा विझला म्हणून तेलालाच ज्योत म्हणता येत नाही.

हा भेद केवळ तर्काचा नव्हे. झोपेत अकस्मात मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या लंबमज्जेत सेरोटोनिन सुमारे २६ टक्क्यांनी कमी असल्याचे बॉस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये नोंदविले. अशा बालकांत अम्लता ओळखणारी यंत्रणाच दुबळी होती, की ओळख पटूनही जाग आणणारे बळ उणे पडले, यावर पुढील उपायांची दिशा अवलंबून आहे. ‘द्रव्य नाही, म्हणून कार्य नाही’ एवढ्या अनुमानावर थांबणे म्हणूनच परवडणारे नाही.