शंभुनाथ डे : उशिरा मोजले गेलेले संशोधन

एखाद्या शास्त्रज्ञाचा दबदबा मोजण्यासाठी आज त्याच्या शोधनिबंधांची संख्या आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले याचा आकडा पाहिला जातो. नियुक्त्या, निधी आणि पुरस्कार यांवर या आकड्यांची सावली असते. ही मोजदाद सुरू केली ती अमेरिकेतील युजिन गारफिल्ड यांनी. त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. याच गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये कोलकात्याच्या एका संशोधकाविषयी सविस्तर लेख लिहिला. तो संशोधक, डॉ. शंभुनाथ डे, आदल्याच वर्षी निवर्तला होता.

हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या गावी १९१५ मध्ये जन्मलेल्या डे यांनी कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९४९ मध्ये लंडनमध्ये पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी कॉलरा, म्हणजे पटकीचा, प्रश्न हाती घेतला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये या रोगाचा जंतू निश्चित केला होता. जंतू विष तयार करत असावा, हा त्यांचा तर्क मात्र सिद्ध होत नव्हता, कारण प्रयोगशाळेतील प्राण्यांत मानवी पटकीसारखी लक्षणे उमटवणे कठीण होते. डे यांनी काढलेला मार्ग थक्क करावा इतका साधा होता. सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि त्या पोकळीत जंतू सोडायचे. काही तासांत ती पाण्याने टम्म फुगे. हे तंत्र त्यांनी डी. एन. चटर्जी यांच्यासह १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९५९ मध्ये 'नेचर'मधील जेमतेम दोन पानांच्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही हाच परिणाम होतो. पटकीचे विष अस्तित्वात असल्याचा तो पुरावा होता.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवरील वेगळ्या प्रयोगांतून स्वतंत्रपणे या विषाचाच निर्वाळा दिला. कोलकाता आणि मुंबई या दोन्ही शहरांतून एकाच वर्षी आलेली ही कामगिरी पाठ्यपुस्तकांत सहसा एकत्र सांगितली जात नाही, हे खेदजनकच म्हणायला हवे.

डे यांच्या निबंधाकडे प्रारंभी फारसे लक्ष गेले नाही. रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आतड्याच्या पेशींवरील त्याची क्रिया उलगडत गेली आणि मग संशोधक मागे वळून डे यांचे काम उद्धृत करू लागले. गारफिल्ड यांना या प्रकरणात रस वाटला तो यासाठीच. प्रत्येक निबंधाने कोणाला उद्धृत केले याचे धागे जोडत त्यांनी पटकी-संशोधनाचा नकाशाच काढला, तेव्हा १९५९ चा तो निबंध मैलाचा दगड असल्याचे दिसून आले.

आकड्यांचा दुसराही दोष येथे स्पष्ट होतो. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी सुचवलेल्या 'एच-निर्देशांका'नुसार किमान दहा वेळा उद्धृत झालेले दहा निबंध असतील, तर निर्देशांक दहा. एकच निबंध हजारो वेळा उद्धृत झाला तरी या हिशेबात त्याची भर एकाचीच! उलट ऑलिव्हर लॉरी यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, पण तो त्या पद्धतीच्या सोयीमुळे. शिवाय एखादी गोष्ट सर्वमान्य झाली, की तिचा मूळ निबंध उद्धृत करण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना स्वीडनला बोलावले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते. देशातील विज्ञान अकादमींनी मात्र त्यांच्या हयातीत त्यांना सदस्यत्व दिले नाही. 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी.