घरात दोन राउटर असले की पोर्ट फॉरवर्डिंग कुठे अडतं?

नोकरी पुण्यात किंवा मुंबईत आणि आई-वडील साताऱ्याच्या जुन्या घरात. किंवा घर सांगलीत आणि बेदाण्याची शेड तासगावच्या बाजूला. कॅमेरे बसवलेले असतात, डीव्हीआर चालू असतो, तिथल्या वाय-फायवर चित्रही स्वच्छ दिसतं. मोबाइल डेटावर मात्र नुसतं गोल फिरत राहतं. कॅमेरा बसवणारा म्हणतो, ‘पोर्ट फॉरवर्डिंग केलंय.’ इंटरनेटवाला म्हणतो, ‘आमची लाइन ओके आहे.’ बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. गोची मधल्या दुसऱ्या राउटरने केलेली असते.

हा दुसरा राउटर येतो कुठून? फायबर कनेक्शनसोबत कंपनी किंवा गावातला केबलवाला जो डबा भिंतीवर लावून जातो, तो स्वतःच एक राउटर असतो. वाईतल्या किंवा साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींतून त्याचं वाय-फाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. मग बाजारातून आणखी एक राउटर आणून केबलने जोडला जातो. रेंज मिळते आणि सगळे खूश होतात. पण आता घरात एकाच्या आत एक अशी दोन नेटवर्क तयार झालेली असतात.

वाड्याचंच उदाहरण घ्या. दिंडी दरवाजावर एक पहारेकरी आणि आतल्या चौकाच्या दारावर दुसरा. बाहेरून निरोप घेऊन आलेला माणूस दिंडी दरवाजावर थांबतो. आतल्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय, ‘कॅमेऱ्याकडे कोणी आलं तर सोड.’ बाहेरच्याला मात्र कोणी काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे तो माणसाला तिथूनच परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली ही सूचना. ती बहुतेक जण आतल्या, म्हणजे स्वतः विकत आणलेल्या राउटरवर देतात आणि बाहेरचा विसरतात. या दुहेरी पहाऱ्याला ‘डबल नॅट’ म्हणतात.

आधी तपासा, मग सेटिंगला हात लावा

आतल्या राउटरच्या सेटिंग पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (ब्राउझरमध्ये आकडे इंग्रजीत टाकायचे). तिथे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या नावाखाली एक आयपी पत्ता दिसेल. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातला असेल, तर या राउटरच्या वर आणखी एक राउटर आहे असं समजा. हे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या जगातून त्यांच्यापर्यंत थेट येता येत नाही.

आता कंपनीच्या डब्याचा वॅन पत्ता बघा आणि ‘माझा आयपी काय’ असं शोधल्यावर एखादी वेबसाइट दाखवते तो पत्ता शेजारी ठेवा. दोन्ही सारखे असतील तर उत्तम, दुरुस्ती तुमच्या हातात आहे. वेगळे असतील, किंवा डब्यावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर तिसरा पहारेकरी आहे आणि तो तुमच्या घरात नाही, कंपनीकडे बसलाय. हे न बघता रात्र रात्र सेटिंग बदलत बसणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या मेहनतीला यश येणं शक्यच नसतं.

कंपन्या असं का करतात? जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे, जगात एकूण सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. आशियाचा मोकळा साठा २०११ मध्येच जवळपास आटला. म्हणून एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. याला ‘सीजी-नॅट’ म्हणतात आणि त्यासाठीच २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा तो टप्पा वेगळा काढून ठेवला गेला.

दुरुस्ती

पत्ते जुळले असतील तर सगळ्यात सोपा आणि टिकाऊ उपाय म्हणजे आतल्या राउटरची राउटरगिरी बंद करणं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो चालू करा. मग तो फक्त वाय-फाय पसरवतो आणि पहारा एकच उरतो. हा पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा आयपी बदलून कंपनीच्या डब्याच्या मालिकेतला, पण दुसऱ्या कोणाला न मिळणारा ठेवा, त्यातलं ‘डीएचसीपी’ बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात घाला. यानंतर पोर्ट फॉरवर्डिंग फक्त कंपनीच्या डब्यावर करायचं.

दुसरा मार्ग उलटा आहे. कंपनीचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकायचा आणि सगळं काम आपल्या राउटरला द्यायचं. यासाठी इंटरनेटवाल्याला फोन करावा लागतो आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड मागून घ्यावं लागतं. डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही असेल तर ते बंद पडणार नाही ना, हे आधीच विचारा.

दोन्ही जमत नसेल तर दोन्ही पहारेकऱ्यांना सूचना द्यायची. बाहेरच्या डब्यावर पोर्ट आतल्या राउटरच्या वॅन पत्त्याकडे पाठवा आणि आतल्या राउटरवर तेच पोर्ट डीव्हीआरच्या पत्त्याकडे. दोन्ही पत्ते कायमचे राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ते बदलू शकतात आणि काल चाललेलं आज चालत नाही. दोन्ही राउटरची मालिका १९२.१६८.१ अशी एकच असेल तर आतल्याची बदलून १९२.१६८.५० करा. नाहीतर समोरचा पत्ता घरातला की बाहेरचा, हे त्याला कळत नाही.

एवढं करूनही दिसत नसेल तर चाचणी कशी घेताय ते बघा. घरच्याच वाय-फायवरून बाहेरचा पत्ता उघडला तर अनेक राउटर तो उघडू देत नाहीत. म्हणून वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरच बघा. राउटर बदलला असेल तर डीव्हीआरमध्ये जुन्याच राउटरचा ‘गेटवे’ राहिलेला असतो, हेही नेहमीचं दुखणं. शिवाय घराचा बाहेरचा पत्ताही अधूनमधून बदलतो. त्यासाठी ‘डीडीएनएस’ वापरतात, पण डबल नॅटमध्ये ते आतल्या राउटरवर लावलं तर तो कधी कधी स्वतःचा खासगी पत्ताच कळवून मोकळा होतो. ते बाहेरच्या डब्यावर लावलेलं बरं.

पहारा कंपनीकडे असेल तर

इथे राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. कंपनीकडे ‘स्टॅटिक आयपी’ मागता येतो, त्याचे सहसा वेगळे पैसे पडतात. कॅमेऱ्याच्याच कंपनीचं क्लाउड ॲप असेल तर ते सीजी-नॅटमधूनही चालतं, कारण डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन जोडणी करतो. ‘टेलस्केल’सारखं व्हीपीएनही याच पद्धतीने काम करतं. नुसतं आई-वडिलांचं घर किंवा शेड बघायची असेल तर पोर्ट उघडण्यापेक्षा हेच मार्ग जास्त शहाणपणाचे.

कारण उघडलेलं पोर्ट फक्त तुमच्यासाठी उघडं नसतं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्डच ठेवलेले असंख्य कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरात अमेरिकेत अनेक बड्या वेबसाइट काही तास ठप्प केल्या. तेव्हा पोर्ट उघडायचंच असेल तर आधी डीव्हीआरचा पासवर्ड बदला आणि फर्मवेअर अपडेट करा. आणि मार्केट यार्डातल्या पेढीवरचा हिशोबाचा कॉम्प्युटर घरून चालवायचा म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट कधीच थेट उघडू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सगळ्यात आधी तेच दार वाजवून बघतात. त्या कामाला व्हीपीएनच लावा.